दोन्ही वेळा ऊन तोंडावर

माझं घर कोथरूडला आणि ऑफिस येरवड्याला. सकाळी जाताना मी सायकलने पूर्वेकडे निघते, संध्याकाळी येताना पश्चिमेकडे. म्हणजे जातानाही सूर्य समोर, येतानाही समोर. येरवड्याला घर आणि कोथरूडला नोकरी असती तर दोन्ही वेळा ऊन पाठीवर पडलं असतं आणि मला हे लिहायची वेळच आली नसती. सायकल घेताना गियर, सीटची उंची, कुलूप, पंक्चरचं सामान या सगळ्यावर पंधरा दिवस डोकं चालवलं होतं. हा एवढा शाळकरी भूगोल मात्र सुचला नाही.

खरं तर सुचायला हवा होता. माझे वडील खडकीच्या कारखान्यात कामाला होते आणि निवृत्त होईपर्यंत सायकलनेच गेले. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात टोपीखाली ओला रुमाल, एवढाच त्यांचा बंदोबस्त. शर्ट काढला की त्यांचा चेहरा आणि बनियनच्या आतली छाती ही दोन वेगळ्या माणसांची वाटायची. आम्ही हसायचो.

मी सायकल सुरू केली ऑक्टोबरात. फेब्रुवारीत एकदा सासूबाई म्हणाल्या, "काजळ पसरलंय का गं गालावर?" मी पदराने पुसलं. गेलं नाही. त्यांनी मला खिडकीपाशी नेलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि निकाल दिला, "वांग आहे हा." दोन्ही गालांच्या हाडांवर आणि वरच्या ओठावर, चहाचा डाग वाळल्यासारखा रंग. दुसऱ्या दिवशी सहाणेवर दुधात जायफळ उगाळून तयार. आईंचं मन राखायला चार दिवस लावलं. डागाला काही झालं नाही, पण ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "आज डब्यात बासुंदी आहे का गं?"

मग पुण्याचा राष्ट्रीय उपाय केला: स्कार्फ. तुळशीबागेतून चांगला मोठा, सुती, फिका निळा आणला. कपाळावरून घेऊन कानांवरून मागे, मग नाकावरून फिरवून मानेमागे गाठ. स्कूटरवर मी वर्षानुवर्षं असंच तोंड बांधून फिरलेय, हात आपोआप चालतात. पहिल्या दिवशी डेक्कनपर्यंत छान वाटलं. संगम पुलापर्यंत चष्म्यावर वाफ धरायला लागली. बंडगार्डनचा पूल चढताना स्कार्फ घामाने भिजून नाकपुड्यांना असा चिकटला की श्वास आत घ्यावा तर कापडच आत येतंय. पुलावर थांबून मी तो उपटून काढला आणि तोंड उघडं टाकून बोकडासारखी धापा टाकत उभी राहिले.

फरक साधा आहे. स्कूटरवर दमते ती स्कूटर. सायकलवर इंजिन मीच. त्याला हवा लागते आणि ते घाम गाळतं. शिवाय जाड स्कार्फवर हेल्मेट बसवलं की ते डोक्यावर टेकतच नाही, पाटावर ठेवलेल्या कलशासारखं वर तरंगतं. पट्टा कितीही आवळा, हाताने हलवलं की मागे सरकतं. ते तर धोक्याचंच. आणि नंतर कळलं की पातळ सुती कापड भिजलं की त्यातून ऊन आणखीनच आरपार जातं. म्हणजे गुदमरले ते गुदमरले, वर फायदाही अर्धाच.

यापुढचा भाग सांगायला लाज वाटते, पण सांगते, कारण हे बऱ्याच जणी करतात. ओळखीच्या एकीने एका क्रीमचं नाव दिलं. औषधाच्या दुकानात गेले, नाव सांगितलं, दुकानदाराने काही न विचारता ट्यूब हातात ठेवली. दोन आठवड्यांत डाग खरोखर फिके झाले. मी खूश. तिसऱ्या आठवड्यात सिग्नलला उभी असताना गालांवर मिरची चोळल्यासारखी आग व्हायला लागली. घरी आरशात पाहिलं तर गाल लालबुंद, आणि नाकाच्या कडेला केसासारख्या बारीक लाल रेघा.

त्वचेच्या डॉक्टरांनी आधी चेहरा पाहिलाच नाही. म्हणाल्या, "काय लावत होतात ते काढा पर्समधून." ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि माझ्यापुढे धरली. त्यात स्टेरॉइड होतं. हे मलम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचंच नसतं. डाग घालवल्यासारखं करतं, त्वचा पातळ करतं, आणि थांबवलं की डाग व्याजासकट परत येतात. माझे आलेच. ती आग शांत व्हायला पुढचा महिना गेला आणि तेवढे दिवस सायकल बंद.

पण त्या बाईंनी अर्धा तास दिला आणि मला पहिल्यांदाच या उन्हाचं गणित कळलं. आधी प्रश्न: बाळंतपणात असं काही आलं होतं का? आलं होतं, धाकट्याच्या वेळी नाकावर पुसटसं, नंतर गेलं. गोळ्या कुठल्या घेता? ऑफिसात कुठे बसता? मी म्हटलं, खिडकीशी, पण काच बंद असते. त्या हसल्या. उन्हातले अतिनील किरण दोन जातींचे, म्हणाल्या. एक भाजणारे, ते साध्या काचेत जवळपास अडकतात. दुसरे खोल जाऊन डाग गडद करणारे, त्यातले बरेचसे काचेतून खुशाल आत येतात. सनस्क्रीनवरचा एसपीएफ हा मुख्यतः भाजणाऱ्यांचा आकडा. दुसऱ्यांसाठी पीए पुढची अधिकची चिन्हं मोजायची. मी इतकी वर्षं फक्त एसपीएफ बघत होते. आणि तो तरी काय, ३० म्हणजे भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडतात, ५० म्हणजे ९८. आकडा चढतो तसा भाव चढतो, राखण एवढीशीच वाढते.

वांगाची आणखी एक गंमत म्हणजे त्याला नुसता डोळ्यांना दिसणारा उजेडही खपत नाही. त्यासाठी किंचित रंग असलेलं सनस्क्रीन, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं. म्हणजे आपल्या गेरूला लाल रंग ज्याने येतो तेच. तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरू, हे मी घरी सांगितल्यावर सासूबाईंना ते जायफळाइतकंच शास्त्रोक्त वाटलं आणि त्यांचा विरोध मावळला.

मग प्रमाण. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत क्रीमची रेघ ओढायची. एवढं सगळं चेहऱ्याला आणि मानेला. मी लावत होते वाटाण्याएवढं. माझी ५० ग्रॅमची ट्यूब वर्षभर पुरायची आणि मी त्याचं कौतुक सांगायचे! दोन बोटांचा हिशेब सव्वा ग्रॅमच्या आसपास जातो. सकाळी एकदा आणि संध्याकाळी ऑफिसातून निघताना एकदा लावलं तर तीच ट्यूब तीन आठवड्यांत संपते. जड वाटलं, पण वाचलेल्या पेट्रोलमधून भागतं.

एप्रिलमध्ये पुन्हा सायकल काढली. मन लावून दोन बोटं क्रीम थापलं, दोन रविवार नुसते खडकवासल्यापर्यंत जाऊन आले आणि तिसऱ्या रविवारी ग्रुपबरोबर बोपदेव घाटात गेले. चढताना वेग ताशी सात-आठ किलोमीटर, वाऱ्याचं नाव नाही, हेल्मेटच्या कडेतून घाम टपटप. वर पोचलो, फोटो काढले, साडेदहाला उतरायला लागलो. दुसऱ्या वळणाच्या आधी कपाळावरचं क्रीम घामाबरोबर वाहत उजव्या डोळ्यात गेलं. डोळा मिटला. डावा चुरचुरायला लागला. समोरून टेंपो वर येतोय हे मला दिसलं नाही, ऐकू आलं. दोन्ही ब्रेक दाबत डावीकडच्या मातीत उतरले, सायकल आडवी टाकली आणि बाटलीतलं पाणी डोळ्यांत मारत बसले. त्यातलं निम्मं लिंबूपाणी निघालं. आयुष्यात इतकं कधी चुरचुरलं नसेल. मागून आलेल्या आमच्या ग्रुपमधल्या काकांनी त्यांची साध्या पाण्याची बाटली दिली आणि मी डोळे धूत असताना शांतपणे म्हणाले, "कपाळाला कशाला लावतेस? तिथे कापड घाल."

काका सत्तरीचे आहेत, पानशेतला सकाळी नाश्त्याला जाऊन येतात. त्यांनी हेल्मेट काढून दाखवलं: आत पातळ कापडाची, छोट्याशा चोचीची सायकलची टोपी. घाम टोपी पिते, कपाळावर सावली चोच पाडते, आणि वरच्या हेल्मेटच्या भोकांतून टकलावर ठिपक्यांची रांगोळी उठत नाही. (ही रांगोळी मी एका मित्राच्या डोक्यावर प्रत्यक्ष पाहिली आहे. लग्नाच्या फोटोत आहे.) टोपी इतकी पातळ असते की हेल्मेट नीट टेकतं, फक्त मागची चकती थोडी सैल करावी लागते.

तेव्हापासून माझी वाटणी अशी आहे: कपाळाला टोपी, डोळ्यांभोवती गॉगल, आणि क्रीम फक्त नाक, गाल, कान, मान इथे. भुवयांच्या वर काही लावायचं नाही. डोळ्यांच्या खाली आणि नाकाच्या दांड्यावर काडी फिरवायची, झिंक ऑक्साइडच्या घट्ट सनस्क्रीनची. ते मेणासारखं जागेवर बसतं आणि चुकून डोळ्यात गेलंच तरी मला त्या दुसऱ्यासारखं झोंबत नाही. गोऱ्या माणसावर खपून जात असेल, आपल्या रंगावर पांढरं दिसतं. सिग्नलला एका पोराने आईला विचारलं होतं, "ही काकू क्रिकेट खेळायला चाललीय का?"

कापडाचं काय केलं? स्कार्फऐवजी नळीसारखा शिवलेला पातळ बफ घेतला. पण तोही नाकावर ठेवून मला चढ चढता येत नाही, हे मान्य करून टाकलं. तो मानेवर राहतो, मागून टोपीच्या कडेपर्यंत ओढलेला, म्हणजे मान आणि कानामागचा भाग झाकला जातो. सिग्नलला थांबले की एका बोटाने नाकावर ओढते, कारण तेव्हा श्वास शांत असतो, वारा नसतो, ऊन एका जागी पडत असतं आणि पुढच्या बसचा धूरही तोंडावर असतो. हिरवा झाला की खाली. दीड मिनिटाचे सहा-सात सिग्नल धरले तर हे काही कमी नाही.

सगळ्यात मोठा फरक मात्र फुकटात पडला. डॉक्टर म्हणाल्या होत्या, सावली बघत जा. आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर ऊन त्यातल्या त्यात सौम्य, आखूड झाली की घरात. एप्रिलमध्ये नऊला निघायचे तेव्हा वाटेतच सावली जेमतेम माझ्याएवढी व्हायची. सव्वासातला निघायला लागले तर ती फुटपाथ ओलांडून दुकानाच्या शटरवर चढते. पुण्यात मेच्या १३ तारखेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. त्या दिवशी ऑफिसच्या गच्चीवर सगळे बाटल्या उभ्या करून फोटो काढत होते. मी जिन्यातून पाहिलं. लवकर निघायचं म्हणजे सव्वाआठला ऑफिसात पोचून रिकाम्या हॉलमध्ये बसायचं, डबा पहाटे करायचा. नवऱ्याने दोन पोळ्या लाटायला घेतल्या, हा या सगळ्याचा अनपेक्षित लाभ. संध्याकाळचा समोरचा सूर्य डोळ्यांना जास्त छळतो, पण साडेपाचनंतर तो त्वचेच्या दृष्टीने बराचसा दात काढलेला असतो. त्याला गॉगल आणि टोपीची चोच पुरते.

नवरा मधूनच विचारतो, "एवढं झाकलंस तर डी व्हिटॅमिन कुठून मिळणार?" कोपरापासून मनगटापर्यंत दोन हात उघडे आहेत माझे. त्यांचा रंग बघितलात तर हा प्रश्न पडणार नाही.

पावसाळ्यात मी एकदा ढिली पडले. आभाळ भरलेलं, जुलै, कोण क्रीम लावतंय म्हणून तीन आठवडे तसंच. पातळ ढगांतून अतिनील किरण बऱ्यापैकी खाली येतात हे वाचलेलं होतं, पण ढगांकडे बघून पटत नाही. गालांनी पटवलं.

आता गणपती झाले. डॉक्टरांनी फेब्रुवारीतला फोटो आणि आजचा चेहरा शेजारी ठेवून दाखवला: गालांवरचा बराच निवळलाय, कडा पुसट झाल्यात. रात्री लावायला दिलेलं मलम तीन महिन्यांनी त्यांनीच बंद केलं, त्यानंतर फक्त उन्हाची राखण. वरच्या ओठावरचा मात्र जिथल्या तिथे आहे. कारण मी स्वतःच शोधलं: दर दहा-पंधरा मिनिटांनी बाटलीतून पाणी पिते आणि हातमोज्याच्या पाठीने ओठ पुसते, म्हणजे अर्ध्या वाटेवरच्या संचेती हॉस्पिटलपर्यंत तिथलं क्रीम साफ. झिंकची ती काडी आता जर्सीच्या मागच्या खिशात किल्लीशेजारी ठेवतेय. पाणी प्यायलं की ओठावरून एक फेरी. कालपासून सुरू केलंय. काल दोनदा विसरले, आज एकदा.