आधी फॉर्म माग, मग तपासणीला जा

मी नाशिकमधल्या एका धर्मादाय हॉस्पिटलात बिलिंग काउंटरवर बसते. नाव लिहीत नाही, आमचे साहेब हे वाचतात. या खुर्चीवरून रोज दिसतं ते असं की बाई मंगळसूत्र मोडायला तयार होते, पण "सवलत आहे का हो?" एवढं विचारताना तिची मान खाली जाते. आपल्याकडे धर्मादाय हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आणा, नाहीतर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मग पुढचं मी बघते. पण विचारलं तर!

हे आठवायचं कारण माझी भाची. सोनू म्हणू तिला. सिन्नरला मराठी माध्यमात शिकली, लग्न करून न्यू जर्सीला गेली. जावई तिथे पीएचडी करतो. लोकांना वाटतं अमेरिका म्हणजे डॉलरच डॉलर. जावयाला मिळतो तो स्टायपेंड, त्यातला बराचसा घरभाड्यात जातो. त्याचा विमा विद्यापीठाकडून आहे. बायकोचा घ्यायचा तर हप्ता इतका की त्यांनी तो घेतलाच नाही. तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. म्हणजे कागदावर ती परदेशस्थ सून, आणि खिशाने आमच्या काउंटरवरच्या बायांच्या रांगेतली.

एका संध्याकाळी तिचा फोन आला. आपल्याकडचे साडेसहा म्हणजे उन्हाळ्यात तिथले सकाळचे नऊ. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "मावशी, छातीत गाठीसारखं लागतंय." कधीपासून, तर गणपतीच्या आधीपासून! आईला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही अर्धवटच. का, तर त्याआधी पोटात दुखलं म्हणून रात्री इमर्जन्सीत नेलं होतं आणि त्याचं बिल अजून टेबलावर पडलेलं.

घरात लगेच सल्ले सुरू झाले. माझ्या बहिणीचं एकच: डिसेंबरात तिकीट स्वस्त होईल तेव्हा ये, इथे सोनोग्राफी करून टाकू. दाताचं काम असतं तर मीही हेच म्हटलं असतं. गाठ तिकिटाच्या भावासाठी थांबत नाही.

मग मी तिथली पद्धत समजून घ्यायला बसले. आणि खरं सांगते, नावं सोडली तर सगळं ओळखीचं वाटलं. अमेरिकेत केंद्र सरकारच्या मदतीवर चालणारी सुमारे 1,400 कम्युनिटी हेल्थ सेंटर्स आहेत, आणि त्यांच्या शाखा हजारोंनी. पैसे नाहीत म्हणून ती पेशंटला परत पाठवू शकत नाहीत. फी उत्पन्नाप्रमाणे सरकते, तिला स्लायडिंग फी म्हणतात. दोन माणसांच्या घराची 2025 ची दारिद्र्यरेषा वर्षाला 21,150 डॉलर. त्याच्या आत असलात तर फी नाही किंवा नावापुरती. दुप्पट म्हणजे 42,300 पर्यंत पायरीपायरीने सूट. जावयाचा स्टायपेंड या दोन आकड्यांच्या मधे बसत होता. सोनूला वाटत होतं, "आपण काय गरीब आहोत का?" तक्ता काय म्हणतो ते बघ, म्हटलं. आपल्या मनाला कोणी विचारत नाही.

एक गोष्ट मात्र आधी फोन करून विचारायला लावली. जुलै 2025 मध्ये तिथल्या सरकारने या केंद्रांच्या सवलतीतून काही परदेशी लोकांना वगळायचं ठरवलं आणि त्यावर बरीच राज्यं कोर्टात गेली. त्यामुळे आपल्या व्हिसाला काय लागू आहे ते केंद्रालाच विचारायचं, आणि व्हिसाची धाकधूक असेल तर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या काकांना अजिबात नाही.

केंद्राने तिला घेतलं. स्टायपेंडचं पत्र, भाडेकरार आणि पासपोर्ट घेऊन गेली. दुभाषी फुकट मिळतो, तो मागायचा हेही मी सांगून ठेवलं होतं. तिचं इंग्रजी दुकानात चालतं, पण स्तन हा शब्द ती मराठीतही माझ्याशी बोलताना गिळते. बाई दुभाषी हवी म्हणाली. स्पीकरफोनवर मराठी बोलणारी कोणीतरी आली आणि पहिलंच विचारलं, "ताई, जेवण झालं का?" सोनू म्हणते तिथे तिला रडू फुटलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून पुढची चिठ्ठी दिली. न्यू जर्सीत विमा नसलेल्या, कमी उत्पन्नाच्या बायकांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या मोफत तपासणीचा राज्याचा कार्यक्रम आहे, उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या अडीच पट. असे कार्यक्रम तिथे प्रत्येक राज्यात आहेत. सोनोग्राफी त्यातून झाली. गाठ साधी निघाली, सहा महिन्यांनी परत दाखवायला सांगितलंय.

आता ते टेबलावरचं बिल. हा माझा प्रांत! मी म्हटलं, दोन्ही बाजूंचा फोटो पाठव. तिने पुढचीच पाठवली. मागची परत मागवली, आणि सापडलं: अगदी खाली, औषधाच्या पत्रकावर असतात तेवढ्या अक्षरांत, फायनान्शियल असिस्टन्ससाठी अमुक नंबरवर फोन करा. तिथली नफा न कमावणारी हॉस्पिटलं करमाफी घेतात, बदल्यात त्यांना सवलतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. पहिलं बिल आल्यापासून 240 दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. लोक तो कागद वाचत नाहीत आणि क्रेडिट कार्डावर हप्ते पाडून घेतात. 1986 च्या कायद्याने इमर्जन्सीत तपासणी नाकारता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण बिल येणार नाही असं त्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

तिला दोन गोष्टी करायला लावल्या. एक, तपशीलवार बिल मागव, बाबवार. (आमच्याकडे कोणी ते मागितलं की आम्हीही एकदा नीट बघतो. असो.) दुसरी, सवलतीचा अर्ज भर आणि उत्तर येईपर्यंत एक डॉलरही भरू नकोस. बहुतेक रक्कम माफ झाली. यापुढे विमा नसताना कुठलीही ठरवून केलेली तपासणी असेल तर आधी लेखी एस्टिमेट घ्यायचं. 2022 पासून तो पेशंटचा हक्क आहे, आणि बिल त्याहून 400 डॉलर किंवा जास्त फुगलं तर तक्रार करता येते.

हे सगळं मी काउंटरवर मैत्रिणींना सांगत होते, तर आमच्या झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, "माझी जाऊ मस्कतला स्वयंपाकाला चाललीय, तिचं काय?" तिचा हिशोब निराळा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतं, म्हणजे कामासाठी ठराविक देशांत जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा शेरा. त्यांना आखातात जाताना प्रवासी भारतीय बीमा योजना घ्यावीच लागते. दोन वर्षांना 275 रुपये, तीन वर्षांना 375, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला 10 लाख, शिवाय बाळंतपणासाठीही मदत. रोजच्या आजारपणाचा खर्च कोण करणार ते मात्र मालकाच्या करारात बघायचं. संयुक्त अरब अमिरातीत घरकामगारांचाही विमा मालकानेच काढायचा आहे, दुबई-अबुधाबीत आधीपासूनच आणि शारजा, अजमान वगैरे बाकीच्या अमिरातींत 1 जानेवारी 2025 पासून, त्याशिवाय राहण्याचा परवाना होत नाही. मस्कत म्हणजे ओमान, तिथे हा नियम लागू नाही. अगदीच अडलं तर भारतीय दूतावासात 2009 पासून अडचणीतल्या भारतीयांसाठी कल्याण निधी आहे, त्यातून तातडीच्या उपचारालाही मदत होते.

मावशींना म्हटलं, पॉलिसीचा आणि कराराचा फोटो जाऊबाईंच्या फोनमध्ये नको, तुमच्या फोनमध्ये ठेवा. तिथे फोन मालकिणीकडे जमा असतो कधीकधी. त्या उद्या एजंटाचे कागद घेऊन येणार आहेत.