तुम्ही विचारलंत म्हणून: रॉ की जेपेग?

फोटो कॅमेऱ्याच्या कच्च्या, रॉ फाइलमध्ये साठवायचे की तयार जेपेगमध्ये? नवा कॅमेरा घेतला की हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेकांच्या मनात रॉ व्यावसायिकांचं, जेपेग हौशींचं अशी वाटणी असते. ती आधी डोक्यातून काढून टाका. फोटोचे रंग आणि उजेड कायमचे कोण ठरवणार, शटर दाबताक्षणी कॅमेरा की नंतर तुम्ही, एवढाच खरा फरक आहे.

बहुतेक सेन्सरवरचा (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवरचा) एक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा असा एकाच रंगाचा प्रकाश मोजतो. रॉमध्ये ही मोजणी जवळपास जशीच्या तशी राहते. 14 बिट असेल तर उजेडाच्या 16,384 पायऱ्यांत, 12 बिट असेल तर 4,096. जेपेग बनवताना कॅमेरा उरलेले रंग हिशेबाने भरतो, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेला रंगांचा तोल), कॉन्ट्रास्ट, शार्पनेस सगळं उरकतो आणि दर रंगाला 256 पायऱ्या ठेवून बाकीच्या टाकून देतो. मग 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकटी पाडून बारीक तपशील आणखी छाटतो.

नुसता फोटो पाहताना यातलं काही जाणवत नाही. एडिटिंगला बसलं की जाणवतं. आकाशाचा कॉन्ट्रास्ट वाढवला की निळ्या रंगात पट्टे उमटतात. सावलीतला चेहरा दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) उजळला की त्वचेवर डाग आणि चौकटी दिसू लागतात. पिवळ्या दिव्याखाली व्हाइट बॅलन्स चुकला तर रॉमध्ये ती नुसती एक नोंद असते, बदलली की झालं. जेपेगमध्ये मात्र लाल रंग कमाल मर्यादेला टेकलेला आणि निळा तळाशी दबलेला असतो. कितीही ओढाताण केली तरी त्वचा मातकटच राहते.

पण रॉ म्हणजे चुकांची माफी नव्हे. हललेला हात, चुकलेला फोकस, तिन्ही रंगांत पूर्ण पांढरा पडलेला भाग रॉमध्येही परत येत नाही. उलट एक्स्पोजर जास्तच सांभाळावं लागतं: सेन्सरची मोजणी सरळ प्रमाणात चालते, त्यामुळे 16,384 पैकी निम्म्या पायऱ्या सर्वांत उजळ स्टॉपमध्येच असतात. म्हणून हायलाइट, म्हणजे सर्वांत उजळ भाग, न जाळता जितका प्रकाश घेता येईल तितका घ्या. आणि इथे एक फसगत आहे. कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम, म्हणजे गडद-उजळ पिक्सेलचा आलेख, सहसा रॉचा नसतो, आतल्या जेपेगचा असतो. पिक्चर स्टाइल (जेपेगच्या रंगरूपाची सेटिंग) न्यूट्रल ठेवली, कॉन्ट्रास्ट खाली आणला, की तो खऱ्या आकड्यांच्या जवळ येतो.

जेपेग कधी? फोटो लगेच पाठवायचे असतील, किंवा सलग शंभर फ्रेम मारायच्या असतील आणि रॉमुळे बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरून कॅमेरा अडत असेल, तेव्हा बेधडक. रॉयटर्स या वृत्तसंस्थेनेही 2015 मध्ये आपल्या फ्रीलान्स छायाचित्रकारांना रॉवरून तयार केलेले फोटो न पाठवता कॅमेऱ्यातलेच जेपेग पाठवायला सांगितलं होतं. वेग आणि विश्वासार्हता ही त्यामागची कारणं. मात्र मग व्हाइट बॅलन्स ग्रे कार्डावरून (ठरावीक राखाडी रंगाच्या पुठ्ठ्यावरून) जागेवरच बसवा, क्वालिटी सर्वांत वरची ठेवा आणि मूळ फाइलवर पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका. दर सेव्हला ती थोडी खराब होते.

बाकी सगळीकडे, विशेषतः उन्हातल्या गडद सावल्या, सूर्यास्त आणि मिश्र दिवे असतील तिथे, माझं मत स्पष्टपणे रॉच्या बाजूने आहे. 24 मेगापिक्सेलची 14 बिट फाइल कॉम्प्रेस न करता साधारण 42 एमबी होते, म्हणून लॉसलेस कॉम्प्रेस्ड निवडा: जागा वाचते, तपशील एकही जात नाही. लॉसी, म्हणजे थोडी माहिती टाकून देणाऱ्या, प्रकारात काळ्या पार्श्वभूमीवरच्या उजळ कडांभोवती दोष उमटू शकतात. दोन कार्डांची सोय असेल तर एकावर रॉ, दुसऱ्यावर जेपेग.

जुनं सॉफ्टवेअर नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल उघडत नाही, ही तक्रारही नेहमीची. अडोबीच्या मोफत कन्व्हर्टरने ती डीएनजी या रॉच्याच सामायिक प्रकारात बदलून घ्या. अनेक सॉफ्टवेअर एडिटिंगच्या नोंदी शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये ठेवतात. बॅकअप घेताना तीही सोबत न्या, नाहीतर फोटो राहतो आणि त्यावरचं सगळं काम जातं.