शिअर लॅग आणि अडलेली सही : माझा एम.ई.चा अनुभव

डिझर्टेशन जमा होऊन बरेच दिवस झाले, तरी त्या एका शेऱ्याचा राग अजून गेलेला नाही. नाशिकमध्ये स्ट्रक्चर्स करणाऱ्या पुढच्या पोरांसाठी लिहितोय.

विषय होता १२० मीटर उंच काँक्रीट ट्यूब इमारतीवर (बाहेरच्या कॉलम-बीमची चौकट पोकळ नळीसारखी वारा पेलते, तिच्यावर) वाऱ्याचा परिणाम. आयएस ८७५ भाग ३ मध्ये, म्हणजे वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात, नाशिकला वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रतिसेकंद. मॉडेल, लोड, सिनॉप्सिस (प्रबंधाचा सारांश) सुरळीत पार पडलं.

अडलं ते रिव्ह्यूला. वाऱ्यासमोरच्या रांगेतल्या कॉलमचे अ‍ॅक्सियल फोर्स (कॉलमच्या लांबीच्या दिशेने येणारा भार) मी तक्त्यात दिले होते. कोपऱ्यातल्या कॉलमवर सर्वांत जास्त, मधल्यांवर बरेच कमी. लाल पेनाने सरांचा शेरा आला : 'एका रांगेत भार समान हवा. मॉडेल तपासा.' आणि सही नाही.

अहो, हाच तर शिअर लॅग! भार समान यायला कॉलम जोडणारे बीम अजिबात वाकायला नकोत. प्रत्यक्षात ते वाकतात, त्यामुळे कोपऱ्यातून मधल्या कॉलमपर्यंत भार पुरता पोचत नाही. ट्यूब इमारतींची कल्पना रुजवणारे इंजिनिअर फझलूर खान यांनी शिकागोच्या ४३ मजली डेविट-चेस्टनट इमारतीत कॉलम जवळजवळ घेतले, ते उगाच नव्हे. हे तोंडी सांगायला गेलो की केबिनला कुलूप, नाहीतर 'सर मीटिंगमध्ये आहेत'. जमा करायची तारीख जवळ येत होती आणि फाइल टेबलावर तशीच. बरोबर उत्तरासाठी ताटकळणं फार जिव्हारी लागतं.

शेवटी बोलणं सोडून आलेख काढला. कॉलम आणि पाया तेच, फक्त बीमची खोली ६०० ची ९०० मिलिमीटर केली. दोन्ही वक्र एकाच कागदावर. खोल बीमचा वक्र स्पष्ट सपाट झालेला. सरांनी पेन्सिल दोन्ही रेषांवरून फिरवली, मधल्या कॉलमपाशी थांबले आणि सही केली. त्या दिवशी कॉलेज रोडवर मित्रांना मिसळ मी खाऊ घातली.

तर, तक्ता देऊ नका, आलेखच द्या. हो, वाऱ्याखालचा ड्रिफ्ट (माथ्याचं आडवं सरकणं) उंचीच्या ५०० व्या भागात बसवा, म्हणजे १२० मीटरला २४० मिलिमीटर. आणि इमारतीच्या डुलण्याची पहिली फ्रिक्वेन्सी १ हर्ट्झच्या खाली असेल तर गस्ट फॅक्टरची (वाऱ्याच्या झोतांचा परिणाम धरणाऱ्या गुणकाची) गणितं सिनॉप्सिसच्या आधीच करून ठेवा, एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) तिथूनच सुरुवात करतात.