पंचनाम्यातला पत्र्याचा तुकडा

कालिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत मी बॅलिस्टिक्सचं, म्हणजे बंदुका आणि गोळ्या तपासायचं काम करते. भर पावसाळ्यात रायगडमधल्या एका गुन्ह्याचा मुद्देमाल आला. हवालदार चिंब भिजले होते, पण पार्सलांना पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. एकात पॉइंट ३१५ची रायफल. दुसऱ्यात जांभ्याच्या भिंतीवर आपटून चेचलेला शिशाचा गोळा. तिसऱ्यात आगपेटी, आणि तिच्यात कापसावर ठेवलेली करंगळीच्या नखाएवढी पत्र्याची वाटी. पंचनाम्यात तिची नोंद नुसती ‘पत्र्याचा तुकडा’ अशी.

रात्री एका घरावर गोळी झाडली गेली होती. सुदैवानं कुणाला लागली नाही. संशय शेजाऱ्यावर होता. त्याच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची रायफल होती, पण विकत घेतलेली काडतुसं, वापरलेली आणि शिल्लक, सगळा हिशेब चोख. शिवाय या रायफलीच्या कारखान्यातल्या गोळीला धातूचं जॅकेट, म्हणजे कवच असतं, शिसं फक्त टोकाशी उघडं. इथे तर निव्वळ शिसं. म्हणून तपास अधिकाऱ्यांनी पत्रात विचारलं होतं, गोळी ठासणीच्या बंदुकीची असू शकेल का?

शंका रास्त होती. कोकणात ठासणीच्या बंदुका अजून आहेत.

गोळ्याचा काही उपयोग नव्हता. मऊ शिसं दगडावर आपटलं की त्याच्या अंगावरच्या खुणाही पुसल्या जातात. मग मी वाटी मायक्रोस्कोपखाली घेतली. ती अॅल्युमिनियमची होती, एका बाजूला दबलेली, पण बाकीचा काठ शाबूत. त्या काठावर बाहेरून तिरप्या, एकमेकींना समांतर खाचा होत्या. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, त्या गोळीवर अशा उमटतात. गावाकडच्या ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, तिच्यातून असा पीळ उमटणारच नाही. वाटी उलटी केली तर आत लाल छपाईचा पट्टा आणि त्यावर अर्धं अक्षर. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा होता तो.

याला गॅस चेक म्हणतात. शिशाच्या ओतीव गोळीच्या बुडाला ही धातूची टोपी बसवतात. रायफलीची गोळी सेकंदाला शेकडो मीटरनं सुटते. मागून येणारा तापलेला वायू गोळी आणि नळी यांच्यातल्या फटीतून निसटला, तर शिशाचं बूड कुरतडत जातो. शिसं ३२७ अंशांनाच वितळतं. मग ते नळीच्या खाचांत चिकटतं आणि नेम बिघडतो. टोपी ती वाट बंद करते. परदेशात छंद म्हणून गोळ्या ओतणारे ती विकत घेतात, काहीजण घरीही करतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे.

रायफलीच्या नळीत बोअरस्कोप, म्हणजे आतून बघायची बारीक दुर्बीण घातली तर खाचांच्या कडेला राखाडी पट्ट्या दिसल्या. जॅकेटच्या गोळीनं असा थर बसत नाही. सोडियम रोडिझोनेट या, शिसं असलं की रंग देणाऱ्या रसायनाच्या चाचणीत त्यात शिसं निघालं, पण नुसत्या रंगावर मी मत देत नाही. काडतुसाची दारू पेटवणाऱ्या प्राइमरमध्येही शिसं असतं. रंग आणि डोळ्यांना दिसणारा जाड थर, दोन्ही एकत्र धरले तरच अर्थ लागतो.

पुढचं काम किचकट. रायफलीतून पाण्याच्या टाकीत नमुन्याच्या गोळ्या झाडल्या. त्यांच्या जॅकेटवरच्या खुणा आणि वाटीच्या काठावरच्या खुणा कंपॅरिझन मायक्रोस्कोपखाली शेजारी शेजारी लावल्या. धातू वेगळा, त्यामुळे रेघांची खोली वेगळी. दिवसभर वाटी कणाकणानं फिरवत राहिले. संध्याकाळी एका खाचेच्या तळाशी बारीक रेघांचा जथा सलग जुळला. शेजारच्या खाचेतही तसाच. सहकाऱ्याला बोलावून, काही न सांगता बघायला लावलं. त्यानंही तीच जागा दाखवली.

अहवालात लिहिलं: वाटी याच रायफलीतून सुटली आहे; गोळी कारखान्यातली नाही.

काडतुसांचा हिशेब का जुळत होता, याचं उत्तर त्यातच होतं. तपास अधिकाऱ्यांना फोनवर म्हटलं, “साहेब, वहीत सापडायचं नाही. घरात ओतायचा साचा, शिसं, कापलेले डबे शोधा. आणि ती वाटी कुणी उचलली?”

“आमच्या हवालदारांनीच. भिंतीखालच्या चिखलात चमकली म्हणाले.”

चिखलातून नखाएवढी वस्तू हेरायची, काठ दुमडू नये म्हणून कापसावर ठेवायची, वेगळं सील करायचं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी साहेबांना सांगितलं, त्यांचं नाव तपासाच्या कागदात नीट येऊ द्या.