फाटलेल्या डायफ्रॅमची माळ

आमच्या वर्कशॉपच्या दारामागे एक तार लटकते. तिच्यात एअर पंपांचे, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालून द्रव ढकलणाऱ्या पंपांचे, जुने डायफ्रॅम ओवलेत. डायफ्रॅम म्हणजे पंपातली लवचिक चकती. प्रत्येकावर मार्करने तारीख, पंपाचा नंबर आणि कशामुळे गेला ते लिहिलंय. नवीन पोरं विचारतात, हे भंगार कशाला जमवताय? मी म्हणतो, थांबा, तुमचाही एखादा लागेल इथे.

या पंपाला मोटर नाही, मेकॅनिकल सील नाही. एका शाफ्टच्या दोन टोकांना दोन डायफ्रॅम. एअर व्हॉल्व्ह एकदा या बाजूला हवा देतो, एकदा त्या बाजूला. एक डायफ्रॅम माल (पंपातला द्रव) ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि चार बॉल मालाला उलटं जाऊ देत नाहीत. डिलिव्हरी (माल बाहेर जाणारी लाइन) बंद केली तर पंप गुपचूप उभा राहतो, उघडली की पुन्हा सुरू. इतका सोशिक, म्हणूनच मफलरमधून (वापरलेली हवा बाहेर पडते तिथून) माल गळेपर्यंत त्याच्याकडे कुणी बघत नाही.

माळेतला पहिला काळा डायफ्रॅम बघा. फुगलाय, बोटाने दाबला तर मऊ लागतो. तो ईपीडीएम नावाच्या रबराचा. पंप तेलाचा होता, तिथे नायट्राइल रबराचा हवा होता. दोन्ही काळे, माप एकच, स्टोअरमधून हातात आला तो बसवला. ईपीडीएमला पेट्रोलियम तेल अजिबात चालत नाही. तेव्हापासून मी रंगावर जात नाही, मागचा पार्ट नंबर वाचतो.

त्याच्या शेजारचा पांढरा टेफ्लॉनचा. हा हवेच्या बाजूला पोट काढून बसलाय. आधी वाटलं, हवेचा दाब जास्त झाला असेल. पण तसं असतं तर पोट उलट्या बाजूला आलं असतं. मग वर बघितलं. मालाची टाकी वरच्या मजल्यावर हलवली होती, पंपापासून साधारण नऊ मीटर उंच. म्हणजे सक्शनलाच (माल आत येतो त्या बाजूला) जवळपास 0.9 बार दाब. बऱ्याच पंपांच्या मॅन्युअलमध्ये ही मर्यादा सुमारे 0.7 बार असते. डायफ्रॅम बदलून काय होणार होतं? टाकी खाली आणली.

एक डायफ्रॅम मात्र धडधाकट आहे. त्यावर लिहिलंय, ‘विनाकारण काढला’. तो माझा. पंप धडधड पळत होता आणि माल येत नव्हता. मी कसलाही विचार न करता उघडला, अर्धी शिफ्ट घालवली, नवे डायफ्रॅम टाकले, चालू केला तर तीच धडधड. सक्शनच्या होजचा क्लॅम्प ढिला होता. पंप माल सोडून हवा ओढत होता. पंप वेगात आणि माल नाही, असं दिसलं की आता आधी होज, मग बॉल आणि तो बसतो ती सीट. बॉलखाली अडकलेला कचराही हेच दाखवतो. डायफ्रॅम शेवटी.

मफलरवर बर्फ धरला तर पंप मंदावतो, कधी थांबतोच. दहा मिनिटं सोडला की आपोआप चालू होतो आणि सगळ्यांना वाटतं पंपात भूत आहे. हवेत पाणी असतं, बाहेर पडताना हवा फुगते, गार होते, पाणी गोठतं. हवेच्या फिल्टरचा बाऊल रिकामा करा, गरजेपेक्षा जास्त दाब ठेवू नका. आणि प्रेमापोटी ल्युब्रिकेटरमध्ये (हवेत तेल सोडणाऱ्या भांड्यात) तेल भरण्याआधी मॅन्युअल बघा. बऱ्याच एअर व्हॉल्व्हना तेल लागत नाही, उलट आतलं मूळ ग्रीस धुऊन जातं.

उघडताना हवा बंद करून भागत नाही. होज काढा, अडकलेला दाब सोडा, पंप उलटा करून रिकामा करा. डायफ्रॅम फाटला असेल तर माल हवेच्या बाजूलाही शिरलेला असतो, सेंटर ब्लॉकमध्ये (दोन डायफ्रॅमच्या मधल्या भागात), मफलरमध्ये. पाण्याने धुतलाय असं कुणी सांगितलं तरी गॉगल आणि हातमोजे काढायचे नाहीत. शाफ्ट व्हाइसमध्ये धरायचा तर लाकडाच्या दोन पट्ट्या लावून. त्यावर ओरखडा पडला की तो नवं सील खातो. बोल्ट समोरासमोरचे आवळायचे, टॉर्क पान्याने, आणि प्लास्टिकचा पंप असेल तर थोडा चालवून, बंद करून, हवा सोडून परत एकदा. प्लास्टिक दबून बसतं, बोल्ट ढिले होतात.

आणि एकच फाटला तरी मी दोन्ही बदलतो. दुसऱ्याचेही तितकेच फेरे झालेले असतात.

परवा काढलेल्या डायफ्रॅमवर अजून कारण लिहिलेलं नाही. पिस्टनच्या (डायफ्रॅमला शाफ्टवर धरणाऱ्या तबकडीच्या) कडेला सुईएवढं भोक आहे, बाकी रबर छान. पिस्टन धुऊन टेबलावर ठेवलाय. नख फिरवलं तर कडेला एका जागी अडकतं. मालातल्या वाळूने घासलाय की मागच्या वेळी कुणी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलाय, ते ठरत नाहीये. मागच्या वेळी कोण होतं, ते रजिस्टरमध्ये बघतो.