खिडकीबाहेर २७ सेंटिमीटर

रात्री जाग आली, पडदा सरकवला आणि खिडकीबाहेर नदीऐवजी काँक्रीटची ओली भिंत दिसली, तर दचकू नका. जहाज लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून जहाजाला वर-खाली नेणाऱ्या दोन दारांच्या कोठीत शिरलंय, एवढंच. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गहून हंगेरीतल्या बुडापेस्टला जाताना आठवड्याभरात असे २५ लॉक लागतात. बहुतेक प्रवासी ते झोपेत घालवतात, याची मला मनापासून हळहळ वाटते. राजवाडे आणि चर्च रेल्वेने फिरूनही बघता येतात. जहाज डोंगर चढताना मात्र फक्त जहाजातूनच अनुभवता येतं.

म्हणूनच युरोपातल्या नदीवरचा पहिला प्रवास करायचा तर मी ऱ्हाइनऐवजी न्यूरेंबर्ग–बुडापेस्ट सुचवते. या मार्गाचा सुरुवातीचा भाग नदीचा नाही, माइन-डॅन्यूब कालव्याचा आहे. बाम्बेर्ग ते केलहाइम, १७१ किलोमीटर. दोन नद्या जोडायचा पहिला प्रयत्न शार्लमेन राजाने ७९३ साली केला होता. १८४६ मध्ये एक अरुंद कालवा झाला, आणि आजचा कालवा पूर्ण व्हायला १९९२ साल उजाडलं. त्याचे लॉक १९० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद आहेत. या मार्गावरची मोठी प्रवासी जहाजं सगळी एकाच साच्यातून काढल्यासारखी, जेमतेम साडेअकरा मीटर रुंद का असतात, त्याचं उत्तर या रुंदीत आहे. ११.४५ मीटरचं जहाज १२ मीटरच्या लॉकमध्ये शिरलं की दोन्ही बाजूंना मिळून ५५ सेंटिमीटर जागा उरते. म्हणजे तुमच्या खिडकीबाहेर सत्तावीस-साडेसत्तावीस.

न्यूरेंबर्ग सोडल्यावर आधी आयबाखचा लॉक येतो आणि मग एकामागोमाग तीन मोठे: लेअरश्टेटन, एकर्सम्यूलन आणि हिल्पोल्टश्टाइन. प्रत्येक लॉक जहाजाला २४.६७ मीटर वर उचलतो. आठ मजली इमारतीएवढी उंची झाली ही. जहाज खालून येतं, त्यामुळे आधी एका खोल विहिरीत शिरल्यासारखं वाटतं. दिवसाही आत अंधारून येतं. भिंतीवर शेवाळ, त्यातून ठिबकणारं पाणी, ओल्या सिमेंटचा थंड वास. मागचं दार बंद होतं. डेकवरचा खलाशी दोराचा फास भिंतीतल्या खाचेत असलेल्या खुंट्यावर टाकतो. हा खुंटा तरंगता असतो, पाण्याबरोबर रुळावरून वर सरकतो आणि सरकताना करकरतो. जिथे खुंटे भिंतीत पक्के बसवलेले असतात तिथे खलाशाला दर दीड-दोन मीटरला दोर सोडून वरच्या खुंट्यावर टाकावा लागतो. विसरला तर पाणी चढतं, दोर खाली ओढून धरतो आणि जहाज एका अंगावर कलायला लागतं. तरंगत्या खुंट्यांनी ही कटकट संपवली.

पंप लावून लॉक भरतात असा अनेकांचा समज असतो. तसं नाही, पाणी वरून आपोआप खाली येतं. पण प्रत्येक जहाजामागे एवढं पाणी खाली सोडून देणं कालव्याला परवडत नाही. त्यासाठी लॉकच्या शेजारी पायऱ्यांसारखे तीन उघडे हौद बांधलेत. लॉक रिकामा करताना पाण्याचे पाच थर कल्पा. वरचे तीन थर तीन हौदांत साठवतात, खालचे दोन तेवढे कालव्यात जातात. पुढचं जहाज उचलताना आधी हौदांतलं पाणी परत आत घेतात आणि उरलेले दोन थर वरच्या कालव्यातून. म्हणजे दर खेपेला ६० टक्के पाणी वाचतं. वर पोहोचताना एका बाजूला हे हौद नीट दिसतात, आणि मार्गदर्शक नेमका तेव्हा जेवणाची घोषणा करत असतो! जेवण दहा मिनिटं थांबू शकतं. लॉक भरायला लागतात पंधरा-वीस मिनिटंच.

भिंत हळूहळू खाली जाते, डोक्यावर आकाश रुंदावतं, आणि एका क्षणी डोळे काठाच्या वर येतात. समोर शेतं, सायकलवाले, पाइनची झाडं. मगाशी आपण या सगळ्याच्या २५ मीटर खाली होतो, हे मनाला पटायला वेळ लागतो.

हिल्पोल्टश्टाइननंतर कालव्याचा माथा लागतो, समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर. समुद्रातून निघालेल्या जहाजाने इतक्या उंचीवर यावं असा जलमार्ग युरोपभरात दुसरा नाही. काठावर काँक्रीटचं एक उभं स्मारक आहे, ती युरोपची मुख्य पाणलोट रेषा. एका बाजूचा पाऊस ऱ्हाइनमार्गे उत्तर समुद्राला मिळतो, दुसऱ्या बाजूचा डॅन्यूबमधून काळ्या समुद्राला. घाटमाथ्यावर उभं राहून कोकण आणि देश असे दोन्हीकडे बघणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. फरक इतकाच की इथे माथ्यावर पाणी पंपांनी चढवतात, आपल्या उपसा सिंचनासारखं, आणि त्यातलं बरंचसं उत्तरेकडच्या कोरड्या माइन खोऱ्याला देतात.

आता अडचणी. पहिली म्हणजे वेळ. हे तीन लॉक तुमच्या वाट्याला दिवसा येतील की पहाटे तीनला, हे जहाजाच्या वेळापत्रकावर आणि पुढच्या मालवाहू जहाजांच्या रांगेवर ठरतं. चढल्या दिवशीच स्वागतकक्षात लॉकच्या अंदाजे वेळा मागा. विचारलं तर सांगतात. दुसरी अडचण पुलांची. कालव्यावरचे पूल इतके बुटके आहेत की कप्तानाची केबिनसुद्धा हायड्रॉलिकने खाली घेतात आणि वरच्या डेकचे कठडे, छत्र्या आडव्या करतात. त्यामुळे पहिले एक-दोन दिवस वरचा डेक बंद असतो. पैसे भरताना हे कोणी सांगत नाही, आणि ते सांगायला हवं. पुढच्या टोकाला लहानसा उघडा डेक असेल तर तिथे जागा धरा. आणि भिंतीला हात लावायचा, फोन बाहेर काढून फोटो घ्यायचा मोह आवरा. २७ सेंटिमीटरची फट जहाज जरा हललं की शून्य होते.

माथ्यावरून पाच लॉक उतरून केलहाइमला आपण डॅन्यूबमध्ये येतो. रेगेन्सबुर्गचा बाराव्या शतकातला दगडी पूल जुन्या गावासह पायी बघायचा. मोठी जहाजं त्याच्या कमानींतून जात नाहीत, उत्तरेकडच्या वळणकालव्याने जातात.

त्याच्या पुढे खरी परीक्षा. श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन, साधारण ७० किलोमीटर, नदीवर एकही बंधारा नाही. बाकी बहुतेक ठिकाणी बंधाऱ्यांमुळे पाण्याची पातळी धरून ठेवता येते, इथे पाऊस देईल तेवढंच पाणी. जहाज पाण्याखाली दीड-पावणेदोन मीटर असतं, आणि कोरड्या उन्हाळ्यात ते इथे जात नाही. २०१८ आणि २०२२ मध्ये हेच झालं. मग प्रवाशांना सामानासकट बसमध्ये बसवून पलीकडच्या जुळ्या जहाजावर नेतात, तोच केबिन क्रमांक देतात आणि प्रवास पुढे सुरू होतो. जुळं जहाज नसेल तर नदीप्रवासाची बससहल होते. करारात कंपनीला ही मुभा असते, भरपाईची आशा धरू नका. निघण्याच्या आधी दोन आठवडे जर्मन सरकारच्या ‘एल्विस’ संकेतस्थळावर याच पट्ट्यातल्या फेलिंग इथली पातळी बघत जा. तो आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. मोजपट्टीचा शून्य तळाशी नसतो. आकडा दररोज उतरतोय की चढतोय, ते महत्त्वाचं.

उलटंही होतं. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की वाहतूक बंद करतात आणि जहाज आहे तिथे बांधून ठेवतात. सप्टेंबर २०२४ च्या पुरात ऑस्ट्रियात तसंच झालं. पासाऊच्या नगरभवनाच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या रेघा आहेत. २०१३ ची रेघ १२.८९ मीटरवर, तिच्या वर फक्त १५०१ ची. मान वर करूनच वाचावी लागते.

त्याच पासाऊला तीन नद्या मिळतात आणि तीन रंग काही अंतर वेगळे दिसतात: बव्हेरियाच्या जंगलातून येणारी काळसर इल्झ, डॅन्यूब, आणि आल्प्सच्या बर्फाची राखी-हिरवी इन. सरासरीने इनचं पाणी डॅन्यूबपेक्षा जास्त असतं. आल्प्सचं बर्फ मे-जूनमध्ये वितळतं, म्हणून पासाऊच्या खाली त्या दिवसांत पाण्याची ददात सहसा नसते. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांना हे सोयीचं आहे. उथळ पाण्याची जोखीम कमी करायची असेल तर प्रवास पासाऊहून सुरू करा. मात्र कालवा हुकतो. मी कालवा सोडणार नाही.

वाखाऊ खोऱ्याबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगते. मेल्क ते क्रेम्स, पस्तीसेक किलोमीटर. दोन्ही काठांवर चुन्याशिवाय रचलेल्या दगडी बांधांचे द्राक्षमळे, खाली जर्दाळूच्या बागा, आणि ड्युर्नश्टाइनचा तो पडका किल्ला, जिथे इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२-९३ मध्ये कैदेत होता. इथे बंधारा नाही, प्रवाह जोरात आहे. प्रवाहाबरोबर हे खोरं दीड-पावणेदोन तासांत संपतं, उलट दिशेने जवळजवळ तीन तास लागतात. म्हणजे बुडापेस्टहून न्यूरेंबर्गकडे येणारा प्रवास घेतलात तर त्याच पैशांत वाखाऊ जवळजवळ दुप्पट वेळ मिळतं. शिवाय कालवा शेवटी येतो, तोवर लॉक कसा चालतो हे डोळ्यांत बसलेलं असतं. जाहिरातीत दोन्ही दिशा सारख्याच दाखवतात. त्या सारख्या नाहीत.

व्हिएन्नाला धक्का राइख्सब्रुकं पुलाजवळ असतो, तिथून यू-१ मेट्रो सरळ श्टेफान्सप्लाट्झला नेते. शहराबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते धक्क्याबद्दल.

हंगामात व्हिएन्ना आणि बुडापेस्टला जागा अपुरी पडते आणि जहाजं एकमेकांना खेटून बांधतात, दोन, तीन, कधी चारही. तुमचं जहाज आत असेल तर बाल्कनीसमोर नदीऐवजी दुसऱ्या जहाजाची बाल्कनी येते, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. पडदे बंद, शेजारच्या इंजिनाची घरघर. बाहेरच्या जहाजात असाल तर दुसऱ्यांच्या स्वागतकक्षातून ये-जा करायची. ज्या बाल्कनीसाठी लोक सर्वात जास्त पैसे मोजतात तिची किंमत इथे शून्य होते. धक्क्याची बाजू आधी कळत नाही, जहाज कुठल्याही तोंडाने बांधतात. म्हणून मधल्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली केबिन घ्या. मागे इंजिन आणि पुढे जहाज वळवणारं यंत्र, दोन्हींचा आवाज तिथे कमी येतो. सर्वात खालच्या मजल्याच्या खिडक्या उघडत नाहीत आणि पाण्याच्या जेमतेम वर असतात. झोपेपुरती केबिन हवी असेल तर ती वाईट नाही.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहून भागत नाही. मांस नको, मासे नकोत, अंडं नको, मांसाचा रस्साही नको, असं एकेक लिहून सहा आठवडे आधी पाठवा. ऑस्ट्रियात घावनाच्या पट्ट्या घातलेलं सूप निष्पाप दिसतं, पण खाली गोमांसाचा रस्सा असतो. जर्दाळू भरलेले गोळे चालतील असं वाटतं, त्यांच्या पिठात बहुधा अंडं असतं.

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांचा एकत्रित व्हिसा) ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे मागायचा. रात्री समान असतील तर जिथे प्रथम उतरणार त्या देशाकडे. म्हणून व्हाउचरवर रोजच्या धक्क्याचं नाव आणि देश असायलाच हवा. ‘न्यूरेंबर्ग ते बुडापेस्ट’ एवढाच उल्लेख असेल तर बदलून घ्या. प्रवास पुढे सर्बियात जाऊन पुन्हा शेंगेनमध्ये येणार असेल तर अनेक प्रवेशांचा व्हिसा लागतो, कारण तिथे शेंगेनची हद्द सुटते.

काठावरच्या किलोमीटरच्या पाट्या वाचायची सवय लावा. डॅन्यूबचे किलोमीटर मुखापासून, काळ्या समुद्रावरच्या सुलिनापासून मोजतात. म्हणून खाली जाताना आकडे उतरतात: पासाऊ २२२६, व्हिएन्ना १९२९, बुडापेस्ट १६४७. गावात फिरायला उतरताना पुढच्या धक्क्याचं नाव आणि हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा. जहाज चुकलं तर टॅक्सीवाल्याला नुसतं जहाजाचं नाव सांगून उपयोग नसतो. एकाच शहरात धक्के मैलभर पसरलेले असतात.

ब्रातिस्लाव्हाच्या पुढे गाबचिकोवोचा लॉक, २५ पैकी शेवटचा. कालव्यातले लॉक बघितल्यावर हा मैदानासारखा वाटतो, ३४ मीटर रुंद, दोन जहाजं शेजारी शेजारी मावतात. त्याच्यानंतर बुडापेस्टपर्यंत एकही लॉक नाही. बुडापेस्टला रात्री पोहोचत असाल तर जॅकेट चढवून वरच्या डेकच्या डाव्या कठड्याशी उभे राहा. मार्गारेट पूल डोक्यावरून गेला की त्याच बाजूला संसदभवन येतं, पाण्याला लागून, खालपासून कळसापर्यंत उजळलेलं.