केळ झाडाचं की जमिनीचं?

बँकेतला माझा एक जुना सहकारी मूळचा अलिबागच्या इस्रायल आळीतला. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. त्याचा फोन आला, "नातू तेराचा होतोय, बार मिट्झवाची तालीम चाललीय. शनिवार-रविवार ये. मलिदा पण आहे." बार मिट्झवा म्हणजे तेराव्या वर्षी मुलगा धर्माने मोठा होण्याचा, पवित्र ग्रंथ वाचण्याचा विधी. तालमीचं मला फारसं काही नव्हतं, पण गोड पोह्यांच्या मलिद्यासाठी मी शुक्रवारी दुपारीच गेटवेवरून मांडव्याची बोट धरली.

आळीत शिरल्यावर आपण कुठे वेगळीकडे आलोय असं वाटत नाही. कौलं, ओट्या, दोरीवरचे कपडे. फक्त मित्राच्या दाराच्या चौकटीला एक छोटी डबी ठोकलेली, मेझुझा. आत पवित्र वचनांची गुंडाळी. घरात शिरताना त्याने बोटं तिला लावली आणि ओठांना टेकवली, आपण उंबऱ्याला हात लावतो तितक्याच सहज.

शनिवारी सकाळी मागेन अबोथला, म्हणजे इथल्या सिनेगॉगला, ज्यूंच्या प्रार्थनास्थळात गेलो. नावाचा अर्थ पूर्वजांची ढाल. सिनेगॉग 1848 चं, आजची वास्तू 1910 ची. जुनी मंडळी अजून 'मशीद'च म्हणतात. तोरा, म्हणजे पवित्र ग्रंथ, ठेवायचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला, कारण जेरुसलेम तिकडे. प्रार्थना मात्र सुरू होईना. पुरुष नऊच होते. पूर्ण सामुदायिक प्रार्थनेला दहा लागतात, तेही तेरा वर्षांवरचे. नातू आत्ता मोजणीत नाही आणि मी तर कधीच नसणार. पाहुणा म्हणून मिळालेल्या टोपीत मी निरुपयोगी बसून राहिलो. शेवटी कोणीतरी शेजारच्या घरी चालत जाऊन एका आजोबांना उठवून आणलं. एका पोराचं तेराचं होणं या आळीत एवढं महत्त्वाचं का, ते तेव्हा कळलं.

मध्येच मी सवयीने फोटोसाठी मोबाइल काढला. उठून आलेल्या त्याच आजोबांनी हलकेच माझ्या मनगटावर हात ठेवला. "आज शनिवार, बाबा." कोकणात यांना शनिवार तेली म्हणत ते यामुळेच: घाणा चालवायचे, पण शनिवारी तो बंद. मोबाइल खिशात गेला तो दिवेलागणीलाच बाहेर आला.

शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याला, मित्र गाडीत बसत नाही, म्हणून दुपारी रिक्षाने एकटाच नवगावला जाऊन आलो. तिथल्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी यांची परंपरा सांगते. आता तिथे स्मारकस्तंभ आहे, शेजारी जुनं कब्रस्तान. पोथ्या समुद्रात गेल्या. उरलं ते स्मरणात असलेलं: शेमाची प्रार्थना, शनिवारचा विसावा, मुलाची सुंता, खाण्याचे नियम. सणांची नावं तर थेट मराठीच झाली. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, 'दारफाळणी' म्हणणाऱ्या माणसाला दिवसभर दार लावून घरात बसणं माहीत होतं, हिब्रू नाव नव्हतं.

हिब्रू परत शिकावी लागली. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे ज्यू शिक्षक इकडे आले. 1846 मध्ये मुंबईत पेसाह सणाच्या रात्री वाचायची हगादा ही पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. 1875 साली हाईम सॅम्युएल केहीमकरांच्या पुढाकाराने इस्रायली शाळा निघाली, तीच पुढे माझगावची सर एली कदुरी शाळा. म्हणजे नातवाची तालीम ही दीडशे-दोनशे वर्षांच्या शिकवणीतलीच. फरक इतकाच की त्याचे गुरुजी इस्रायलमधल्या अशदोदचे मामा, आणि पाठ येतो व्हॉट्सअॅपवर.

ती तालीम मी रविवारी सकाळी ऐकली. मामांनी एकेक ओळ सुरात म्हणून पाठवलेली. नातू ती ऐकतो, छापील पुस्तकात बघून म्हणतो, मग पुस्तक मिटतो. कारण खऱ्या तोऱ्याच्या गुंडाळीवर स्वरचिन्हं नसतात, सुराच्या खुणाही नसतात. नुसती व्यंजनं. आपल्याला काना, मात्रा, वेलांटी काढून टाकलेली मराठी चालीत वाचायला दिली तर काय होईल, तेच. तो एखाद्या शब्दाला अडकला की मामांचा आवाज मागे न्यायचा, पुन्हा तीच ओळ. मित्र दाराआड उभा राहून ओठ हलवत होता. त्यालाही तो भाग पाठ नव्हता, हे मला जेवताना कळलं. नातवाबरोबर तोही शिकत होता.

दुपारनंतर मलिदा. नवस फेडायला लोक अलिबागजवळच्या खंडाळ्याला प्रेषित एलियाहू हन्नावीच्या टाप्यावर, पवित्र मानलेल्या खडकावर जातात, हा मात्र घरचाच होता. आजीबाईंनी पोहे भिजवून निथळले, ओला नारळ, साखर, वेलची आणि सुकामेवा घालून हाताने कालवले. डोंगरासारखी रास, भोवती फळं, वर सब्जाची डहाळी. भोवती चार वर्षांच्या नातीपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळे. एलियाहू हन्नावीचं गाणं झालं आणि वर्ग सुरू झाला. तो वर्ग आहे हे कोणी म्हणालं नाही.

"खजूर कोणाचा?" आजी.

"झाडाचा," नात.

झाडाच्या फळाची ब्राखा, म्हणजे खाण्याआधीचं आशीर्वचन, वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी. खजूर हातात घेऊन सगळ्यांनी झाडाची म्हटली. मग आजींनी केळं उचललं. नात पुन्हा, "झाडाचं!"

"कुठलं झाड? घड काढला की केळ तोडतात ना आपण? पुढच्या वर्षी त्याच खोडाला घड लागतो का?"

परसातली केळ नातीने रोज बघितलेली. तिने जरा विचार केला. "नाही. बाजूला पोर येतं."

"मग जमिनीचं."

केळ्याची ब्राखा झाली. सब्जा हातोहात फिरला, त्याच्या वासाचीही ब्राखा असते. पोह्यांची आणखी वेगळी. वाट्या भरल्या गेल्या आणि मी ज्यासाठी आलो होतो ते अखेर खाल्लं. नारळ नुकता खवलेला, साखर जरा दाताखाली करकरणारी. दुसरी वाटी मागून घेतली.

बोटीची वेळ होत आली म्हणून उठलो, तेवढ्यात नातू म्हणाला, "आणि पपई?"

"झाडच आहे ते," ऐंशीचे आजोबा म्हणाले. "वर्षानुवर्षं उभं असतं."

"खोड पोकळ असतं," आजी म्हणाल्या. "पोकळ खोडाचं कसलं आलंय झाड?"

मित्राने मध्ये पडून अशदोदला फोन लावला. तिकडे मामांच्या घरातही दोन पक्ष पडले आणि स्पीकरवर चौघं-पाचजण एकदम मराठीत बोलू लागले. मी चपला घातल्या. आजींनी मलिद्याचा डबा माझ्या हातात दिला, नजर मात्र फोनवरच. "त्याला म्हणावं, पोकळ असतं, कापून बघ!"